कापसाच्या दुकानामागची लायब्ररी

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच कळलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले, मग शाळा सुटली. घरात आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, पण लिहिता येतं ते मराठीच. हे मी कोणाला दाखवणार नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. कागदासमोर तेवढं होत नाही, म्हणून लिहिते.

मूर्तिजापूरला आमचं गादी-रजईचं दुकान होतं. पुढे कापूस पिंजायची मशीन, मधे पडदा आणि पडद्यामागे आमचं राहणं. माझे मालक मशीनवर बसत, मी भरलेल्या गाद्यांना टाके घालत असे. एकच लेक. ती अमरावतीला इंजिनिअरिंगला होती. सकाळी पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायची, तिथून ऑटोनं कॉलेज.

त्या वर्षांत आजूबाजूच्या गावांत कापूस पिकवणाऱ्यांचं काय चाललं आहे ते पेपरात रोज यायचं. आमच्या दुकानात ते वेगळ्या तऱ्हेनं यायचं. लग्नाच्या गाद्या सांगून गेलेली माणसं परत येत नसत. कापलेलं कापड तसंच पडून राही. लोक नवी गादी भरायच्या ऐवजी जुनीच पिंजून मागू लागले आणि पुढे तेही कमी झालं. एका गावाहून पिंजायला आलेल्या दोन गाद्या न्यायला कोणी आलंच नाही. मालक चौकशी करून आले आणि म्हणाले, "राहू दे त्या. पैसे मांगायले जायाचं नाही." मी त्या दोन्ही गाद्या भिंतीकडे सरकवून ठेवल्या.

अशात लेकीनं सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला काम मिळालं आहे. ती म्हणाली, एक लायब्ररी लिहायची आहे.

"लायब्ररी? पुस्तकं ठेवतं का घरात?" तिचे अब्बा म्हणाले. "जागा कुठं हाय? गाद्यायवर ठेवशीन?"

ती हसली. मग तिनं आम्हाला समोर बसवून सांगितलं. कॉम्प्युटर चालायला त्याच्या आत एक मोठी यंत्रणा असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुतेक यंत्रणा विकत घ्याव्या लागतात. पण एक अशी होती की देशोदेशीच्या लोकांनी मिळून बनवलेली. ती फुकट वापरता येते आणि ज्याला जमेल त्यानं ती उघडून दुरुस्त करावी. त्या यंत्रणेला इंटरनेटवरून पान मागता यायचं, पण धड नाही. पान मागायची आणि उत्तर घ्यायची एक ठरलेली रीत असते, तिला एचटीटीपी म्हणतात. ती रीत सांभाळणारा कोड एकदाच नीट लिहून ठेवायचा, म्हणजे बाकीच्यांनी तो आयता वापरावा. अशा लिहून ठेवलेल्या कोडाला लायब्ररी म्हणतात. विद्यार्थ्यांना असं काम देऊन पैसे देणारी बाहेरच्या देशातली एक योजना होती. मधे एकदा काम तपासायचं, पसंत पडलं तर अर्धे पैसे. शेवटी पसंत पडलं तर बाकीचे. तपासणार ते तिचे सर. दूरच्या देशातले. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

कॉलेजचे कॉम्प्युटर सुट्टीत बंद असत, म्हणून लॅपटॉप हवा होता. दुकानात तेवढे पैसे नव्हते. अकोल्याच्या आपांनी दिले. आपा म्हणजे माझी नणंद, मालकांची थोरली बहीण. ते पैसे त्यांनी आपल्या लेकीच्या निकाहसाठी बाजूला ठेवले होते. निकाहची तारीख रमजान लागायच्या आधीची होती. मधल्या तपासणीचे पैसे त्याच्या आधी यायचे होते आणि त्यात आपांचे सगळे फिटत होते. मालकांनी तसा शब्द दिला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. लेकीचं काम सरांना पसंत पडलं नाही तर आपांच्या मांडवात आम्ही कोणत्या तोंडानं जायचं?

लेक पडद्यामागे काम करी. मशीन सुरू झाली की लाइटचा जोर कमी होई आणि कापसाची रुई लॅपटॉपच्या फटीत शिरे. मी ओल्या फडक्यानं पुसू गेले तर ती घाबरून म्हणाली, "अम्मी, पाणी नको." मग मी जुनी ओढणी धुऊन दिली. काम नसलं की ती लॅपटॉपवर टाकून ठेवायची. लाइट जायची तेव्हा मशीनही बंद आणि तीही बंद. दोघं बाप-लेक ओट्यावर बसून लाइटीची वाट पाहत.

सुरुवातीला ती खूश होती. मग सरांचे मेल येऊ लागले. ती मेल उघडायची, वाचायची आणि चेहरा उतरायचा. मग बरंच काही पुसायची आणि नव्यानं लिहायला बसायची.

"काय म्हणतात सर?" मी विचारलं.

"रागावले. म्हणतात, असं काहून केलं?"

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हणीन? काढून टाकलं."

मला ते बरोबरच वाटलं. आमच्याकडे मोठं माणूस असं विचारतं तेव्हा त्याला उत्तर नको असतं. मान खाली घालायची आणि केलेलं निस्तरायचं. सासरी मी तेच करत आले आणि लेकीनं ते पाहिलं. शाळेत, कॉलेजातही तिनं तेच केलं. हुशार आणि शांत मुलगी म्हणून तिचं नाव होतं.

काय काढून टाकलं, तेही तिनं मला समजावलं होतं. पान मागितल्यावर समोरचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा आधीच सांगतो, माझं उत्तर एवढं लांब आहे. पण काही सांगत नाहीत. ते बोलत राहतात आणि झालं की लाइन तोडतात. त्यांनी फोन ठेवला म्हणजे उत्तर संपलं असं समजायचं. तिनं तसं लिहिलं होतं. सरांनी विचारलं, लाइन तुटायची वाट का पाहतेस? तिनं ते पुसलं. मग काही पानं अर्धीच येऊ लागली. तिनं मला एक दाखवलं. वरती मोठं चित्र होतं आणि खाली कोरं. तिनं दुसरी युक्ती केली, थोडा वेळ थांबायचं आणि मग संपलं म्हणायचं. सरांनी विचारलं, एवढाच वेळ का? तिनं तेही पुसलं.

जून सरता सरता आपा अकोल्याहून आल्या. दुकानातल्या गादीवर बसल्या. चपला काढल्या, पाय चोळले.

"काय वं, पोरगी दिसत नाही. पडद्यात बसवली का?"

"काम करून राहिली," मी म्हटलं.

"कोन्तं काम? टिकटिक तर ऐकू येते. माह्या घरी पालीबी अशाच टिकटिकतात. त्याइले कोनी पगार देत नाही."

मालक हसले. आपाही हसल्या. मग चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "पैसे मांगायले नाही आली मी. दावतचं बोलायले आली. पन कसाई म्हणते आधी पैसे, मांडववाला म्हणते आधी पैसे. आता त्याइले मी काय दाखवू, टिकटिक?"

मला बोलायचं होतं. मी बशी उचलून आत गेले. पडद्यामागे लेक कीबोर्डवर हात ठेवून बसली होती, बोटं हलत नव्हती.

मधल्या तपासणीचा दिवस आला आणि सरांनी तिला पासही केलं नाही, नापासही केलं नाही. निकाल राखून ठेवला. लिहिलं, मी विचारतो त्याचं उत्तर येत नाही आणि केलेलं काम नाहीसं होतं. आपण बोललं पाहिजे. आणि बोलायची वेळ दिली.

ती दिवसभर जेवली नाही. म्हणाली, नापासच करायचं तर तोंडावर कशाला सांगायचं. इंटरनेटच्या डोंगलला बोलण्याइतकी रेंज आमच्या घरात गच्चीवरच मिळे. दुपारची वेळ, गच्ची तापलेली. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक जुनी गादी टाकली. ती म्हणाली, "अम्मी, तू बस इथं. जाऊ नको." मी बसले. इंग्रजी मला येत नाही. सुरुवातीला तिचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, तिकडे काय ऐकू जात असेल. नुसतं येस सर, येस सर. मग बराच वेळ ती ऐकतच राहिली. आणि मग बोलू लागली. थांबत थांबत, पण बोलली. हातानं हवेत काहीतरी दाखवत होती, जसं सरांना दिसतच होतं.

झाल्यावर ती गादीवर आडवी पडली.

"ओरडले?"

"नाही. म्हणाले, मले खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं. तू पुसून टाकलं, तर मले वाटलं तुह्याजवळ कारणच नाही."

"मंग सांगितलं कारण?"

"सांगितलं. तर म्हणाले, मंग हे आधी काहून नाही बोलली. आणि एक विचारलं. समोरच्यानं बोलणं संपवून फोन ठेवला का मधातच लाइन कटली, हे तुह्या कोडले कसं समजते?"

"मंग?"

"ते मले नाही येत," ती म्हणाली. "तेही सांगितलं."

पुसलेलं सगळं वाया गेलं असं मला वाटत होतं. तर तसं नव्हतं. कोड ठेवायची जागा अशी असते की जुनं लिहिलेलं तिथं जपून राहतं. तिनं ते परत काढलं. सरांनी मुदत वाढवून दिली. मग ती रोज सरांच्या एकेका जुन्या प्रश्नाला उत्तर लिहू लागली, असं केलं कारण असं. एक उत्तर लिहायला तिला कोडापेक्षा जास्त वेळ लागे. पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटून घ्यायची.

वाढवलेली मुदत संपायच्या आत आपांच्या घरचा निकाह आला. आम्ही अकोल्याला गेलो. आपा दारातच उभ्या होत्या, दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. त्यांचे सोन्याचे कंगन मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या हातात पाहिले होते. भांडी घासतानाही त्या काढत नसत. माझी नजर गेली तिथं त्यांची गेली.

"काय पाहून राहिली? लग्नात काचेच्याच बऱ्या दिसतात," त्या म्हणाल्या. "चल, जेवण वाढाले हात लाव."

मालकांना बाहेर कोणीतरी सांगितलं, कंगन सोनाराकडे गहाण ठेवले आहेत. त्या दिवशी मालक जेवले नाहीत. लेकीनं वधूचे मेंदीचे हात धरले, तिला पाणी पाजलं, सगळ्यांशी बोलली, पण परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. बोरगाव स्टेशन गेलं तरी वळली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही.

रमजान लागल्यावर राखून ठेवलेला निकाल आला. पास. लाइन मधेच तुटली तर ते कसं ओळखायचं, त्याचं तिनं जे लिहिलं ते सरांना अर्धंच पसंत होतं, पण आता तो वाद होता आणि वादात ती बोलत होती. दुसऱ्या कुठल्या देशातला एक माणूसही त्यात उतरला आणि त्यानं लांबलचक लिहिलं की ही रचनाच चुकली आहे. ती तीन दिवस खचून होती, मग त्यालाही लिहिलं.

पैसे मात्र लगेच हातात आले नाहीत. बाहेरच्या देशातून आलेले म्हणून बँकेत अडकले. बँकेतला माणूस विचारी, हे कशाचे पैसे? लेक सांगे, लायब्ररीचे. तो पुन्हा कागद मागे. ईद झाली, पैसे तिकडेच. सोनाराचं व्याज चढत होतं आणि आपा त्याचा एक शब्द बोलत नव्हत्या. त्या बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी पैसे खात्यात पडले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. दुकान बंद ठेवलं. तसं उघडायला काही कामही नव्हतं. मालकांनी पैसे आपांपुढे ठेवले. लेकीनं त्यावर आणखी ठेवले, सोनाराच्या व्याजाचे. आपा म्हणाल्या, "हे उचल. एवढी मोठी नको होऊ." लेक मान वर करून म्हणाली, "फुप्पी, माह्या कामात उशीर झाला म्हणून ते चढलं. ते माह्याच पैशातून जाईल." आपांनी मालकांकडे पाहिलं, मालक खाली पाहत होते. मग त्यांनी सगळे उचलून ओच्यात बांधले, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला, माह्यासंगं या."

आम्ही सोनाराकडे गेलो. तो कंगन काढायला आत गेला तेव्हा आपा बाकावर माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यानं कंगन आणून दिले तसे त्यांनी ते हातात घेतले, पदरानं पुसले आणि मनगटात चढवले. उजव्या हातातला बसेना. हात सुजला होता. मी साबण मागून आणला. आपांचे सगळे पैसे त्या दिवशी फिटले.