बाबांच्या आमिषाचा डबा

मंडळी, दुपारपासून कशात मन लागत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझे बाबा निवृत्त शिक्षक. डहाणूच्या खाडीत छोटं गोल जाळं टाकून कोलंबी धरणं हा त्यांचा रविवारचा छंद. आमिषाला बांगड्याची मुंडकी लागतात. बाजारात ते एकेक मुंडकं हुंगून घेतात, मग मीठ लावून डब्यात भरतात आणि डबा बर्फात ठेवतात. "कोलंबीला कुजकं चालत नाही," हे मी लहानपणापासून ऐकतेय.

आज खाडीवर त्यांनी डबा उघडला आणि घाण वासाचा भपकारा आला. मुंडकी पार सडली होती. बाबांनी एक उचलून नाकाशी नेलं. "बघ, कशी ताजी आहेत!"

"हो बाबा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

जाळं दोन-तीनदा रिकामंच वर आलं. शेवटी शेजारी गळ टाकून बसलेले काका म्हणाले, "गुरुजी, वास मारतोय. फेका ते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कळलं होतं?"

मी मान डोलावली.

"दोन महिने झाले, मला कशाचाच वास येत नाही गं. तुला घोर नको म्हणून बोललो नाही."

आई गेल्यापासून ते डहाणूत एकटे राहतात, मी वाणगावला. गॅस उघडा राहिला तर त्यांना कळणार कसं? माझ्याकडे या म्हटलं, तर "खाडी सोडून कुठे येऊ?" म्हणाले. डॉक्टरकडे यायलाही तयार नाहीत.

तुमच्यापैकी कुणी अशा हट्टी माणसाला समजावलंय का? कसं?