आईंचे गुडघे आणि वाळवंटातलं गरम पाणी

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनला, माहूजमध्ये राहत होतो. सासूबाई चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आल्या, पण गुडघ्यांमुळे त्यांचं फिरणं गॅलरीपुरतंच. शेजारच्या रत्नागिरीच्या झुबेदाभाभी म्हणाल्या, "दक्षिणेला वाळवंटात एक वस्ती हाय. तिथल्या गरम पाण्याच्या हमामात लोक सांधे शेकायला जायचे. बघा जाऊन, इंशाल्ला गुण येईल." आईंचे डोळे चमकले. ऑपरेशनच्या नुसत्या नावाने त्यांची झोप उडायची.

शुक्रवारी सकाळीच निघालो. रिफा मागे पडलं की दुकानं संपतात, त्यामुळे पाणी आणि डबा बरोबर हवाच. पेट्रोलच्या खर्चाची मात्र चिंता नको. अवालीनंतर दोन्हीकडे तेलाच्या पाइपलाइनी, मधेच उंट, आणि शेवटचा रस्ता कच्चा. थंडी होती म्हणून निभावलं. उन्हाळ्यात हे धाडस करू नका.

वस्ती म्हणजे थोडी घरं आणि एक मशीद. हमामच्या दाराला साखळी. फटीतून निळ्या फरशांचं कोरडं कुंड दिसलं, त्यात वाळू साचलेली.

शेजारच्या घरातून काळ्या अबायातली एक वयस्क बाई आली. हात झटकून म्हणाली, "खलास. माय मफी."

"माय नाही म्हणते?" आई चकित. "मी उभी आहे ना इथे!"

"आई, माय म्हणजे पाणी. झरा आटलाय."

आई हसल्या खऱ्या, पण लगेच चेहरा उतरला. तिथेच पायरीवर बसल्या. त्या बाईने त्यांचे सुजलेले पाय पाहिले, हात धरला आणि "यल्ला" म्हणत आम्हा दोघींना घरात नेलं. माझा नवरा बाहेर वस्तीतल्या पुरुषांत बसला.

तिचं नाव फातिमा. हमाम चालू असताना बायकांना मालीश करायचं काम तिचंच, हे तिने हातवारे करून सांगितलं. पाणी तापवून, मीठ घालून तिने आईंचे गुडघे शेकले, मग तेल चोळलं. आई मराठीत बोलत होत्या, ती अरबीत. मी मधे पडून पाहिलं, पण दोघींना माझी गरज नव्हती. मुलं किती, हे सांगताना आईंनी चार बोटं दाखवली आणि त्यातलं एक मिटलं. फातिमाने पाचातली दोन मिटली.  मग पुन्हा तेलाचे हात गुडघ्यांवर फिरू लागले.

वेलदोड्याचा चहा आणि खजूर घेऊन आम्ही उन्हं कलता परतलो.

गुडघे आठवड्यातच पुन्हा दुखू लागले. पुढे ऑपरेशनही झालं. पण चिपळूणला शेजारणींनी बहारीनबद्दल विचारलं, की आई ना सोन्याची दुकानं सांगत, ना समुद्रावरचा पूल. "तिथे माझी एक मैत्रीण आहे," म्हणत. "तिची दोन गेली. माझा सुधीर गेला."

धाकट्या दिराचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.