लाल पट्ट्याखालचा पिवळा

लालबागच्या आमच्या चार मजली चाळीत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पाइप गंजून गळायला लागला. तीस वर्षं मी कारखान्यांसाठी पाइप निवडायचं काम केलं, म्हणून सेक्रेटरी मला म्हणाले, "वहिनी, कुठला घ्यायचा ते तुम्हीच लिहून द्या." मी लिहून दिलं: दोन इंची, जस्ताचा मुलामा असलेला, सी क्लास, म्हणजे सगळ्यात जाड भिंतीचा.

माल आला. मी पाहिलं तेव्हा दोन मजल्यांचा पाइप चढलाही होता आणि कंत्राटदाराची माणसं जिन्यात पुढच्या पाइपांना आटे पाडत होती. सी क्लासची खूण असलेला लाल पट्टा पाइपांवर होता, पण रंग बोटाला लागला. नखाने खरवडलं तर खाली पिवळा. पिवळा म्हणजे ए क्लास, सगळ्यात पातळ. घरातून व्हर्नियर आणून कापलेल्या टोकाची जाडी मोजली. साडेचार मिलिमीटर हवी होती, तीनसुद्धा भरली नाही.

"अहो, हे काय आणलंत?" मी कंत्राटदाराला विचारलं.

"ताई, पाइप म्हणजे पाइप. बाहेरून सगळे सारखेच."

"बाहेरून सारखे, म्हणूनच तर तुमचं फावतं! आटे पाडले की निम्मी जाडी तिथेच जाते. उरलेल्यावर रोज पंपाचा दाब. किती टिकणार?"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. दारात उभ्या माझ्या नवऱ्याला म्हणाला, "साहेब, जरा समजवा ना यांना."

माझं डोकंच फिरलं. नवरा मात्र शांतपणे म्हणाला, "मी हिंदमाताला साड्या विकतो. मला साडीचा पोत विचारा. पाइपाचं तिला."

सेक्रेटरी आले. "वहिनी, दोन मजले झालेत. आता चालवून घेऊ."

"नाही," मी म्हटलं, आणि पाइपाचा तुकडा घेऊन दारोदार फिरले. ज्याला त्याला पट्टा खरवडून बघायला लावला. संध्याकाळपर्यंत चौक माणसांनी भरला आणि कंत्राटदाराला सगळं उतरवावं लागलं. खरा सी क्लास येईपर्यंत तीन दिवस आम्ही खालून बादल्या वाहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी गुडघे धरून मला बोलत होत्या. ते मी ऐकून घेतलं. त्यांचं दुखणं खरं होतं.

मग नवा पाइप बसला आणि फळ्यावर सेक्रेटरींची नोटीस लागली: 'काम उत्तम झाले. कंत्राटदारांच्या सहकार्याबद्दल आभार.'

आभार! खोटा पट्टा मारणाऱ्याचे!

मी ती सगळ्यांसमोर फाडली. सेक्रेटरी अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.