पेटीचा विसावा

चहा घ्या तुम्ही, गार होईल. माझ्या हातात कप का नाही, ते आत्ताच विचारू नका. तेच सांगायला तर बसले आहे! असा घोळ घातला मी, की अख्ख्या गटाच्या झेंडूचं देवाला वाहायच्या आधीच निर्माल्य व्हायची वेळ आली.

आमचे हे मेहकरच्या भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्यांच्या गटाचे अध्यक्ष. कोणाच्या शेतातून किती क्रेट निघाले, कोणत्या गाडीत चढले, कुठल्या व्यापाऱ्याकडे उतरायचे, हे सगळं एका कंपनीच्या क्लाउडवर असायचं. माहिती आपली, जागा त्यांची आणि भाडं दर महिन्याला!

आमची सून प्राजक्ता, नांदुऱ्याची लेक, कॉम्प्युटर शिकलेली. ती म्हणाली, "मामाजी, आपलं सामान आपल्या घरी ठेवू ना. एक साधी मशीन घेऊ. त्यावर चालणारं सगळं फुकट मिळते. जगभरातल्या माणसांनी मिळून केलेलं आहे. कोणीही वापरा, उघडून पाहा, जमलं तर दुरुस्त करा."

बाकीच्यांना कळेना. मला मात्र लगेच कळलं. अहो, हा तर भंडारा! येईल त्यानं जेवावं, जमेल त्यानं वाढायला उभं राहावं. यात वाईट काय आहे?

पण गटातले सदाभाऊ म्हणजे पक्के संशयी. "फुकटचं हाय ते. दसऱ्याच्या गर्दीत बंद पडलं तं झेंडू काय तुह्या मशिनीत भरून पाठवशीन?"

शेवटी ठरलं, की दसऱ्याचा झेंडू नीट निघाला तर प्राजक्ताची मशीन राहील. नाहीतर पुन्हा कंपनी, आणि सूनबाईंनी पुन्हा गटाच्या कामात तोंड घालायचं नाही. पोरीनं मान हलवली. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले आणि त्या नवरात्रात पोरीसाठी पायात चप्पलही घातली नाही.

मशीन आली. काळी, चौकोनी, पोळ्यांच्या डब्याएवढी. आम्ही तिला पेटीच म्हणायचो. आतल्या खोलीत टेबलावर बसून बिचारी अखंड घुंघुं करायची. प्राजक्ता कौतुकानं म्हणायची, "आई, ही आता आपल्या हक्काची. भाड्याची नाही."

इथंच माझ्या डोक्यात देवभोळा किडा वळवळला!

आमच्याकडे खंडेनवमीला घरच्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, कात्री, माझी शिलाई मशीन. आणि पूजेनंतर त्यांना दिवसभर विसावा. त्या दिवशी मी सुईसुद्धा दोऱ्यात ओवत नाही. आता तुम्हीच सांगा, हक्काची पेटी घरात आली, ती रात्रंदिवस राबते, तिला एक दिवस विसावा नको? इंटरनेटवाल्यांच्या वायफायच्या डब्बीला मी हात लावला नाही हं. ती पडली परक्याची.

त्या नवमीला सकाळी हे आणि प्राजक्ता झेंडू गाड्यांत चढवायला बसस्टँडमागच्या गटाच्या शेडवर गेले. मी पेटीचं बटण दाबलं, वायर काढली, कोरड्या फडक्यानं पुसून तिला देवघरात आणलं. टेबलाच्या खणात तिच्याच जातीची एक छोटी काळी डबीही होती. म्हटलं, लेकराला कशाला मागं ठेवायचं? मायलेकींना पाटावर शेजारी बसवलं. हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं, झेंडूची माळ घातली. काय सुंदर दिसत होत्या!

माझ्या हिशेबानं पेटी म्हणजे कपाट. दार लावलं म्हणून आतल्या साड्या थोड्याच जातात?

थोड्या वेळानं फोन.

"आई, लाईट आहे ना घरी?" प्राजक्तानं विचारलं.

"आहे की."

"वायफायचे हिरवे दिवे पाहा बरं."

"लुकलुकून राह्यले ना. काऊन वो?"

"कोणाच्याच फोनवर काही उघडत नाही! गाड्या उभ्या आहेत, कोणता माल कोणत्या गाडीत, काहीच दिसत नाही. घरात कोणी आलं होतं का?"

"चिटपाखरू नाही. सकाळपासून मी पूजेत."

एकही शब्द खोटा होता का, सांगा!

मागून सदाभाऊंचा आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं? गेलं फुकटचं फुकटात!"

पोरीची अब्रू टांगणीला लागली होती. जरा वेळात तिघंही घरी येऊन धडकले. प्राजक्ता धावत आत जाता जाता म्हणत होती, "मामाजी, काळजी नका करू, मशीन बिघडली असली तरी खणातल्या डबीत सगळ्याची दुसरी प्रत आहे."

आणि आतून किंकाळी!

"चोरी! चोरी झाली! सगळं गेलं, आई, सगळं!"

मी आधी गळ्यातलं मंगळसूत्र चाचपलं, मग पळत जाऊन कपाट पाहिलं. सदाभाऊंनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि पलंगाखाली खुपसली. हे ओरडत होते, "अवो, पोलिसाले फोन लावा कोणी!" आणि फोन ह्यांच्याच हातात!

काय गेलं ते मला कोणी सांगेना. पोरगी मात्र हुंदके देऊन राह्यली. मला राहवेना. मी तशीच देवघरात गेले, देवीसमोर पदर पसरला आणि मोठ्यांदा साकडं घातलं:

"माय, ज्यानं माह्या सुनेचं काम बंद पाडलं, त्याचं वाईट करू नको. पण त्याच्याकडून पाच मंगळवार कडक उपास करून घे! साबुदाणा नाही, भगर नाही, चहासुद्धा नाही!"

मागं एकदम शांतता पसरली. म्हटलं, देवी पावली.

वळून पाहिलं तर दारात तिघं उभे. प्राजक्ताचा आ वासलेला. सदाभाऊंची काठी हवेतच. तिघांचीही नजर पाटावर, माळ घातलेल्या मायलेकींवर.

"आई," प्राजक्ता हळूच म्हणाली, "ही बंद कोणी केली?"

"मीच. आज तिचा विसावा नाही का?" असं म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी हळूच देवीकडे पाहिलं.

पोरीनं तिथंच वायर लावली. कपाळावरच्या कुंकवासकट पेटी घुंघुं करायला लागली. जरा वेळानं सदाभाऊंचा फोन टिंग वाजला आणि सगळे क्रेट, सगळ्या गाड्या जागच्या जागी! झेंडू निघाला, उशिरा का होईना, पण ताजा निघाला.

जाता जाता सदाभाऊ म्हणाले, "पोरी, तुही मशीन पक्की. बिघाड सासूत हाय. मशीन राहू दे."

छोट्या डबीची आणखी एक जोडीदारीण आता नांदुऱ्याला प्राजक्ताच्या माहेरी असते. मी विचारलं, "इतक्या दूर कशाला?" तर म्हणते, "आई, तुमचा हात पोचू नये म्हणून."

असो. देवी मात्र फार जागृत हो आमची. आज मंगळवार. तिसरा. प्राजक्ता तिकडं तुमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी परतून राह्यली, वास येतोय ना?

घ्या, तुम्ही चहा घ्या.