शेवग्याला बांधलेला पट्टा

नव्वदच्या दशकात आम्ही रोह्याजवळ वरसे गावात राहायचो. शेजारचे गृहस्थ डोलवीकडे कंपनीत जायचे. दूध नासो, मीटर जळो, त्यांचं एकच पालुपद: "काय नाय होत, वहिनी."

एका मे महिन्यात त्यांनी परसात पोरांसाठी कसरतीचा खेळ मांडला. ट्रकवरचा माल आवळायचा रुंद पट्टा छातीइतक्या उंचीवर ताणला. एक टोक आंब्याला, दुसरं शेवग्याला. पोरांनी त्यावरून तोल सांभाळत चालायचं, आणि खाली धुण्याचा दगड!

मी म्हटलं, "भाऊजी, शेवगा काडकन मोडतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन्ही टोकं आंब्यांना बांधा, गुडघ्याएवढा खाली घ्या, दगड हलवून पेंढा टाका."

"काय नाय होत, वहिनी."

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेले, तर त्यांची लेक पट्ट्यावर चालत होती. डोक्यावर बापाचं कंपनीतलं पिवळं हेल्मेट. सैल होतं, म्हणून आत टॉवेल कोंबलेला. ती उतरल्यावर त्यांनी हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं आणि माझ्या मुलाला तसंच उघड्या डोक्याने वर चढवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाला खाली ओढलं, घरातून कोयता आणला आणि शेवग्यापाशी गेले. ते धावत आडवे आले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"वहिनी, कंपनीचा पट्टा हाय तो! त्याला काय झालं म्हंजे?"

"काय नाय होत, भाऊजी," मी म्हटलं, आणि पट्टा कापला.