कपबशीखालचा रंग

चिकटवलेलं काही दिसलं की माझी नखं शिवशिवायला लागतात. लोणच्याच्या बाटलीवरचा कागद, नव्या ताटात मधोमध मारलेला स्टिकर, एसटीच्या सीटवर कुणीतरी लावून ठेवलेली टिकली, काहीही. हे कशानं चिकटलंय, कुठून सुटेल, खाली काय असेल, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. जळगावला मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक बाही किती ठेवायची ते सांगत असतं आणि माझा डोळा तिच्या पिशवीवरच्या लेबलावर. नवरा म्हणतो, तू मागच्या जन्मी माकडीण असशील. म्हणू दे. त्याच्या हेल्मेटवरचा स्टिकर मीच काढून दिला, तेव्हा बरी गोड लागले होते.

त्या वर्षी आखाजीला माहेरी गेले. आखाजी म्हणजे आमच्या खान्देशात लेकींचा सण. झाडाला झोके बांधतात, आमरसाचं जेवण असतं, आणि सासरी कितीही कामं असोत, लेक येतेच. आमचं गाव चाळीसगाव-धुळे रस्त्यावरून जरासं आत. रिक्षातून उतरले, अंगणात पाय ठेवला आणि पहिल्यांदा दिसली ती कपबशी.

माझ्या वडिलांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही. नाना हिवाळ्यात सरपंचपदाला उभे राहिले होते आणि त्यांना चिन्ह मिळालं होतं कपबशी. पडले. थोडक्यात पडले, पण पडले ते पडलेच. आता वैशाखाचं ऊन तापलं होतं, तरी त्यांची पांढरी गाडी कडुनिंबाखाली तशीच उभी. बॉनेटवर परातीएवढी कपबशी, दोन्ही दारांवर कपबशी, मागच्या काचेवर कपबशी, आणि सगळ्यावर बोटभर धूळ.

"आई, हे अजून काढलं नाही?" मी दारातूनच ओरडले.

"हळू बोल गं बाई," आई म्हणाली आणि मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली. निकालानंतर काय झालं ते तिनं तिथं सांगितलं. नाना दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे गाडी घेऊन चौकात गेले. ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "नाना, कपबशी तर आणली, चहा कुठं शे?" सगळे हसले. नानाही हसले म्हणे. पण घरी आले, किल्ली खुंटीला अडकवली, आणि त्यानंतर चौकात गेलेच नाहीत. शेतात जायचं तर मागच्या गल्लीनं, चालत. निवडून कोण आलं होतं? त्यांचाच चुलतभाऊ, माझे काका, छत्रीवाले. त्यांचं घर चौकातच. दोन घरांत तेव्हापासून बोलणं नव्हतं.

"माणूस घरात बसून सडतोय," आई म्हणाली. "रात्रंदिवस छताकडे बघतो. मला तर भीती वाटायला लागली आहे."

ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला सकाळी चौकात जाऊन चार जणांशी वाद घातल्याशिवाय चहा पचत नव्हता, तो एका स्टिकरपायी कोंडून बसावा? आणि स्टिकर! माझ्या बापाच्या दारात, माझ्या नखांपुढे! मी पदर खोचला.

"राहू दे," नाना खाटेवरून म्हणाले. "रंग निंघी जाई."

मला वाटलं, नुसता बहाणा आहे. पण नव्हता. निवडणुकीच्या तोंडावर कापसानं भरलेली ट्रॉली मागे घेताना एकानं गाडीच्या बॉनेटला ठोकर दिली होती. चाळीसगावला नेऊन बॉनेट नव्यानं रंगवून आणलं. रंगवणाऱ्यानं बजावलं होतं, रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो, महिनाभर यावर काही लावू नका. पण दोन-तीन दिवसांत चिन्ह मिळालं. प्रचाराची गाडी आणि बॉनेट कोरं? पोरांनी भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, सगळ्यात मोठी कपबशी त्याच बॉनेटवर दाबून बसवली.

आणि ती बसवण्याआधी आईनं गाडीची पूजा केली होती. बॉनेटच्या मधोमध ओल्या हळदीकुंकवाचं जाडजूड स्वस्तिक काढलं होतं. पोरं म्हणाली, मावशी, हे पुसून घेऊ का? आई म्हणाली, "खबरदार! पूजेचं कुंकू पुसतात का? तेही निवडणुकीला निघताना?" झालं. कुणाची हिंमत? कुंकवासकट वरून कपबशी. आमच्याकडेच होऊ जाणे हे.

म्हणजे नानांची भीती खरी होती. स्टिकरबरोबर रंग निघाला, तर खालून रंगाआधी मारलेलं अस्तर कपबशीच्याच आकारात दिसणार. आज निदान चिकटवलेली होती. मग कोरल्यासारखी झाली असती. नाना ती गाडी जन्मात चौकात नेणार नव्हते. हे कळलं आणि माझी नखं जरा गप्प बसली.

पण गप्प तरी किती बसणार? मी म्हटलं, दारापासून सुरुवात करते, दाराचा रंग कंपनीचा आहे, तो घट्ट असतो. आधी गाडी धुतली. धूळ राहिली आणि वरून घासलं तर त्या धुळीनंच ओरखडे येतात. मग एक कोपरा नखानं उचलून बघितला. सावलीतला स्टिकर कडक, पापडासारखा मोडत होता. चिमटीत तुकडा येई आणि डिंक जागेवरच राही. मला भारी नवल वाटलं. फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून, त्यावर दाबून धरलं. थोड्या वेळानं तोच स्टिकर नरम पडला. आता सरळ वर ओढला की ताण बसे. पण उलटा दुमडून, पत्र्याला लागून लागून, सावकाश मागे नेला की डिंकासकट सुटत येई. घाई केली की तुटे. उसवणीचंही असंच असतं, हिसका दिला की कापड जातं.

आई वाटीत खोबरेल तेल घेऊन आली. उरलेल्या डिंकावर तेल लावून ठेवलं, तो फुगला, आणि नानांच्या जुन्या बनियननं पुसला गेला. शेजारच्या भाऊंनी कुंपणावरून सल्ला दिला, "थिनर मारा ना ताई, झटक्यात काम!" मी म्हटलं, "भाऊ, झटक्यात रंगही जाईल. तुमच्या मोटारसायकलवर मारून दाखवा आधी." ते आत गेले.

पहिलं दार कोरं झालं तेव्हा नाना खाटेवर उठून बसले होते. दुसऱ्या दाराला ते उंबऱ्यापर्यंत आले. "थोडं ऊन दे त्याले," ते म्हणाले. "सावलीत कशाला मरतेस?" आम्ही गाडी ढकलून कडुनिंबाबाहेर काढली. खरंच, जरा उन्हात राहिलेला स्टिकर गरम फडक्याशिवायही हलू लागला. मात्र फार तापू दिला की डिंकाची खीर होऊन तारा निघत. किती ऊन पुरे, किती जास्त, यावर बापलेकीचा वाद सुरू झाला. कितीतरी महिन्यांनी नाना कुणाशी वाद घालत होते. मी मुद्दाम हरले नाही.

मागच्या काचेवरचीही निघाली. शेवटी बॉनेट उरलं. नाना म्हणाले, "हे मी करतो." कपाचा कान उचलला, हळूच मागे नेला. आधी काही झालं नाही. मग कागदाच्या मागे पांढरी साल दिसली. रंग निघत होता. खाली राखाडी अस्तर.

"थांबा नाना," मी म्हटलं.

"आता काय थांबायचं?" ते म्हणाले आणि ओढत राहिले. बशी सुटली, कपाचं पोट सुटायला लागलं, सगळीकडे राखाडी. आईनं तोंडाला पदर लावला. कुठून हा उद्योग काढला असं मला झालं. आणि मधोमध आल्यावर स्टिकर एकदम सैल पडला, कसलाही जोर न लावता, आपोआप उचलला गेला. खाली रंग शाबूत. गुलाबी डाग पडलेला, पण शाबूत. आईचं स्वस्तिक जिथं जिथं होतं तिथं तिथं रंग होता. बाकी कपबशीभर अस्तर.

आम्ही तिघं बघत उभे राहिलो. राखाडी कपबशी, आणि तिच्या पोटात गुलाबीसर पांढरं स्वस्तिक.

"देवाचं देवानं राखलं," आई म्हणाली.

"देवानं नाही गं, कुंकवाच्या भुकटीनं," मी म्हटलं. मी स्टिकर उलटा करून बघत होते. मागे सगळं कुंकू चिकटलेलं. डिंकानं कुंकू धरलं, रंगाला हातच लावला नाही. "म्हणजे तू सगळ्या बॉनेटला कुंकू फासलं असतंस तर..."

"तर कपबशी वेशीपर्यंतही टिकली नसती," नाना म्हणाले. "वाटेतच उडून गेली असती." आणि ते हसायला लागले. पोट धरून, खोकत खोकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! रंग गेला खड्ड्यात, असंच वाटलं.

पण हसून झाल्यावर ते पुन्हा बॉनेटकडे बघायला लागले, आणि चेहरा उतरला. "आता तर गाडी बाहेर काढनंच नको," ते म्हणाले, आणि आत जायला वळले.

तेवढ्यात फाटक वाजलं. काका उभे होते. निवडून आल्यापासून पहिल्यांदा. हसण्याचा आवाज ऐकून आले असावेत, नाहीतर शेजारच्या भाऊंनी बातमी नेली असेल. नाना जागच्या जागी थांबले. काकांनी आधी बॉनेट बघितलं, मग कोरी दारं, मग खाली बघून नानांना म्हणाले, "भाऊ, तुनी दारं चांगली निंघनी."

नानांनी दारावर राहिलेला तेलाचा एक थेंब अंगठ्यानं पुसला.

"मनं तोंड दख ना," काका म्हणाले. माझं तोंड बघ म्हणे! आम्हाला काही कळेना. मग कळलं: त्यांच्या गाडीच्या दारावर छत्रीशेजारी त्यांचा मोठा फोटो लावला होता. तो उन्हानं तडकला, अर्धं नाक गळून पडलं, उरलेलं घरच्यांनी ब्लेडनं खरवडायला घेतलं आणि पत्र्यावर ओरखडे पाडले. "निवडून येऊन काय फायदा? येणारा-जाणारा आधी माझं नाक बघतो आणि मग हसतो. मी चौकात बसायचं सोडलंय."

मी ओठ दाबून धरले. आईनं चटकन खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत. "गाडी इथंच आणतो, भाऊ," ते म्हणाले. "तुला तिकडं यायला नको. सगळे जमतील, बोलतील."

म्हणजे नाना चौक का टाळतात ते त्यांना ठाऊक होतं. इतके महिने ठाऊक होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी मायाही वाटली.

नानांनी कडुनिंबाकडे बघितलं. ऊन कलत आलं होतं, सावली अंगणभर पसरली होती. गाडी पुन्हा पूर्ण सावलीत गेली होती. त्यांनी हात लावून पत्रा बघितला. गार. इथं आता काही निघणार नव्हतं.

"आठे काय निंघी?" ते काकांवर खेकसले. "ब्लेड लावतंस, अक्कल शे का तुले? ऊन चौकातच शे. तठेच करू."

आणि तेलाची वाटी उचलून, बनियन खांद्यावर टाकून, माझे वडील पुढच्या फाटकातून बाहेर पडले.