टाकीची सावली

नळदादाला राग लवकर येत नसे, आणि आला की जात नसे. त्याची बायको म्हणायची, "तुमचा राग म्हणजे बॅगा घेऊन आलेला पाहुणा." आत्ताचा पाहुणा वर्षभर मुक्काम ठोकून होता, आणि त्याला घरात आणणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, नळदादाचा सख्खा धाकटा भाऊ होता.

हा धाकटा आता कंत्राटदार झाला होता. पाना कसा धरायचा, पाइपाला आटे कसे पाडायचे, हे त्याला दादानेच शिकवलेलं. तरी मागच्या इमारतीवर पाणी तापवायच्या यंत्रणेची तांब्याची नळी नाहीशी झाली, तेव्हा गवंडी, सुतार, रंगारी सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "चोर घरचाच निघाला, आता मी कुणाला बोलू?"

नळी पुढे सापडली. पुट्टीच्या पोत्यांखाली होती, आणि सापडली ती कंत्राटदारालाच. गोदामवाल्याने हे नळदादाला कानात सांगितलं. पण भावाने शब्द काही मागे घेतला नाही. घेतला असता तर त्याचीच अक्कल निघाली असती ना. त्यानंतर नळदादा कुठेही कामाला गेला की हत्यारांच्या पेट्या बंद होताना ऐकू यायच्या. खऱ्या होत्या की भास, देव जाणे, पण जिव्हारी लागायच्या.

आणि एक दिवस भावाचाच फोन आला. "दादा, नवी इमारत घेतलीय. बाहेरची वीज घ्यायचीच नाही, सगळी आपली आपण करायची. नळाचं काम तुझ्याशिवाय कोण करणार?" जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"जाऊ नका," बायको म्हणाली. "परत काहीतरी बोलेल तो."

"बोलू दे," नळदादा म्हणाला. पोटासाठी तो जात नव्हता. ज्या माणसांसमोर आपली मान खाली गेली, त्याच माणसांसमोर भावाची गेलेली त्याला बघायची होती. बाकी काही नको होतं.

इमारत मात्र बघण्यासारखी होती, हे त्यालाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं. उन्हाच्या बाजूच्या भिंती जाडजूड, समोरासमोर खिडक्या, वारा एका खोलीतून शिरून दुसरीतून निघणारा. तळघरात बॅटऱ्या आणि गच्चीभर सोलर पॅनेलं. ती बसवणारा सोलरवाला बडबड्या होता. जेवता जेवता त्याने सांगून टाकलं की एका ओळीतली पॅनेलं तारेने एकमेकांना बांधलेली असतात. एकावर सावली पडली, की सगळी ओळ रुसून बसते.

नळदादाचा घास हातातच राहिला.

नकाशात पाण्याची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात होती. तो भावाकडे गेला. "दक्षिणेला घेऊ या. तिथून पाइप सरळ उतरतो, दाब चांगला मिळेल." भाऊ फोनवर होता. "टाकीचं तू बघ, दादा," म्हणाला, आणि विषय संपला.

थंडीच्या दिवसांत टाकी उंच चौथऱ्यावर चढली आणि तिची सावली पुढच्या ओळीवर अशी बसली, की मापून बसवली असती तरी एवढी नेमकी बसली नसती. राहायला आलेल्यांचे दिवे संध्याकाळी मंद होऊ लागले, लिफ्ट थांबू लागली. भावाने तारा बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या, काम संपवून परगावी गेलेल्या सोलरवाल्याला फोनवरच फैलावर घेतलं. तोंडचं पाणी पळालं होतं त्याच्या. नळदादा टाकीला टेकून डबा खायचा आणि त्याला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. चोरीचा आळ काय असतो, ते आता कळेल. इमारतीची मालकीणबाई रोखठोक होती. तपासणीच्या दिवशी वीज कमी पडली की ती विचारणारच, चांगली पॅनेलं कुठे गेली, ही हलकी कुणी बसवली म्हणून.

तपासणी उन्हाळ्यात ठरली. सकाळपासून पंप, पंखे, लिफ्ट सगळं एकदम चालू ठेवलं, आणि दुपारी सगळी माणसं गच्चीवर जमली. मालकीणबाई होती, तेच गवंडी होते, तेच सुतार, तेच रंगारी. नळदादा मुद्दाम पुढे उभा राहिला.

सावली पॅनेलांवर नव्हती. टाकीच्या पलीकडे, कठड्याच्या बाजूला, आखडून पडली होती. जन्म नळांत गेलेला माणूस. जोड एकदा बसला की हलत नाही, तशी सावलीही बसली असं त्याने धरलं होतं. भर उन्हाळ्यात ऊन डोक्यावरून उत्तरेला कलतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. मीटरचा आकडा चढत गेला. टाळ्या झाल्या.

आणि भाऊ म्हणाला, "यात दादाचा हात आहे. टाकी इकडे घ्यायची सूचना त्याचीच. म्हणून आज पॅनेलं मोकळी आहेत." वर पाठीवर थाप मारली. चोर म्हणालेला शब्द तसाच ठेवून, त्याच माणसांसमोर, थाप.

"हात काढ," नळदादा म्हणाला. मग मालकीणबाईकडे वळला. "बाई, टाकी मी दाबासाठी इथे आणली नाही. याची अब्रू जावी म्हणून आणली. थंडीभर हिची सावली पुढच्या ओळीवर होती. थंडी आली की परत पडेल."

"दादा, काय बोलतोयस तू?"

"तू चोर म्हणालास तेव्हा मी काही घेतलं नव्हतं. नळी पोत्यांखाली होती आणि सापडली तुलाच. आता मात्र घेतलंय. थंडीभर या लोकांचं ऊन चोरलंय मी. म्हण आता."

मालकीणबाईने कंत्राटदाराला विचारलं, "नळी तुम्हाला सापडली होती?"

"हो," तो म्हणाला.

"आणि यांना सांगितलं नाहीत? कुणालाच नाही?"

त्याने मान खाली घातली. गवंड्याने बघितलं, सुताराने बघितलं, रंगाऱ्याने बघितलं. लहानपणी काही सांडलं, मोडलं, की धाकटा अशीच मान घालून दादासमोर उभा राहायचा. नळदादाला ते आठवलं, आणि तरीही त्याला बरं वाटायचं थांबलं नाही. त्याने ती मान पोटभर बघून घेतली.

"पुढची इमारत मी यांना द्यायची की नाही, ते बघेन," मालकीणबाई नळदादाला म्हणाली. "पण तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"चालेल, बाई," नळदादा म्हणाला.